फळ्यावरची दुरुस्ती

१

कुलूप शाबूत होतं. किल्ली नेहमीसारखी कॅलेंडरमागच्या खिळ्याला लटकत होती. कपाटात खडूचे डबे होते, कोरे कागद होते, बंद पडलेलं एक घड्याळही होतं. नव्हता तो फक्त उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. वहिनींनी सगळे कप्पे दोनदा चाचपले, दार लावून पुन्हा उघडून पाहिलं, आणि मग दिराला फोन लावला.

"भाऊजी, असाल तसे या. माझ्या वर्गात चोरी झालीय."

वर्ग म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची त्यांची पुढची खोली. निवृत्त झाल्यावर वहिनी तिथे गणित शिकवायच्या, पण मुलांना नव्हे, मुलांच्या शिक्षकांना. वरून हुकूम आला होता: ज्याला जो विषय शिकवायचा असेल त्याने त्या विषयाची प्रमाणपत्र परीक्षा पास व्हायची, मग त्याचे केस शिकवण्यात पांढरे झालेले असोत की नसोत. नापास झालात तर विषय गेला. त्यामुळे आयुष्यभर दुसऱ्यांना नापास करणारी माणसं आता रात्री स्वप्नात घंटा ऐकून दचकत होती.

वहिनींची पद्धत ठरलेली. शनिवारी सराव परीक्षा, आणि रविवारी अदलाबदल. प्रत्येकाचा पेपर त्याच्या उजवीकडे बसणाऱ्याने तपासायचा, म्हणजे परीक्षक कुठे गुण कापतो ते आपोआप कळतं. शनिवारी सगळे आवराआवर करत असताना वहिनी फळ्यावर एक सोडवलेलं गणित लिहून ठेवायच्या आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरायच्या. रविवारी ती शोधायची. मुलांच्या चुका पकडता आल्या नाहीत तर कसला शिक्षक, असं त्यांचं म्हणणं.

आज मात्र चूक शोधायच्या आधी चोर शोधायचा होता.

२

भाऊजी म्हणजे साधी असामी नव्हती. परीक्षांच्या भरारी पथकाचे ते प्रमुख होते. मोज्यातली चिठ्ठी, बुटाच्या तळव्यातली चिठ्ठी, खोट्या बँडेजच्या आतली चिठ्ठी, सगळ्या त्यांनी हुडकल्या होत्या. "चोर तोंडावरून कळतो," असं ते म्हणत. निवृत्तीनंतर घरात कुणी चोरी करत नसल्याने ते डबे, फडताळं आणि नातवंडांची दप्तरं तपासत बसत आणि सगळ्यांच्या शिव्या खात. वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

खोलीत तीन शिक्षक बसले होते. पहिल्या बाकावर मास्तर. सगळं आयुष्य गणित शिकवण्यात गेलेलं, तालुक्यातली अर्धी माणसं त्यांच्याकडून पाढे शिकलेली. त्यांच्या उजवीकडे धाकटी. वर्गात वयाने सगळ्यात लहान, तात्पुरत्या नोकरीवरची, शाळेत असताना मास्तरांचीच विद्यार्थिनी. प्रमाणपत्र मिळालं तर नोकरी पक्की, नाही तर पुढच्या सत्रात घरी. मागच्या बाकावर हेडबाई. एका मोठ्या शाळेच्या उपमुख्याध्यापिका, खिडकीपासून लांब, डोक्याला स्कार्फ गुंडाळून.

"मी आत चहा टाकत होते," वहिनी सांगू लागल्या. "सकाळी या खोलीचं दार उघडलं, केर काढला आणि आत गेले. बाहेर आले तोवर ही मंडळी जमली होती. कपाट उघडलं तर हे असं."

"सगळ्यात आधी कोण आलं?"

"मी," धाकटी म्हणाली. आवाज इतका बारीक की भाऊजींना पुढे वाकावं लागलं.

वाकल्यावर त्यांना दिसलं. तिच्या उजव्या बाहीवर, मनगटापासून कोपरापर्यंत, खडूची पांढरी भुकटी होती. भाऊजींनी फळ्याकडे पाहिलं. फळा काळाकुळकुळीत, नुकताच पुसलेला. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात निम्मा तपास तिथेच संपला.

३

तरीही रीत म्हणून त्यांनी एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं. हेडबाई आधी आल्या.

"खाली शिंपी म्हणतो, काल संध्याकाळी सगळे गेल्यावर तुम्ही परत जिन्यात शिरलात."

हेडबाईंचा चेहरा पडला. "चोरी करायला नव्हते शिरले हो. रस्त्यावर आमच्या शाळेतल्या एका मुलीचे आईवडील उभे होते. मी इथे शिकायला येते हे शाळेत कुणाला माहीत नाही. घरीसुद्धा सांगितलंय की मावशीला बघायला जाते. ते जाईपर्यंत जिन्याखाली उभी राहिले."

"वर कुणी होतं?"

"मॅडम असतील. फळ्यावर खडूचा आवाज येत होता." मग त्यांनी स्कार्फ सारखा केला आणि तक्रारीचा सूर लावला. "आणि साहेब, चोरीचं राहू द्या, परीक्षेत शिस्त तरी हवी की नको? मास्तर सारखे उठत होते. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला, एकदा तीच खिडकी उघडायला. बसले की ओठ हलवत पुटपुटणं चालू. मी एकटी मुकाट्याने लिहीत होते. पुरवणीसुद्धा मी एकटीनेच घेतली."

मास्तर आले ते हात मागे बांधून. "बसा ना," भाऊजी म्हणाले.

"उभाच बरा आहे."

उभ्याउभ्या मास्तर छान बोलले. शनिवारचा पेपर कसा चांगला काढला होता, कुठला प्रश्न मुलांना अवघड जातो, तो कसा समजावायचा, सगळं हातवारे करून सांगितलं. भाऊजींना गणिताचा लहानपणापासून धाक, पण त्यांनाही समजलं. मग त्यांनी आग्रहाने खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "तुम्हाला पेपर कसा गेला?"

मास्तर बसले. "बरा," म्हणाले, आणि पुढे गप्पच झाले. वयस्कर माणूस, दमला असेल, असं भाऊजींना वाटलं. मोठ्या माणसाला उगाच त्रास दिला म्हणून त्यांनी माफीही मागितली.

धाकटीला त्यांनी आत बोलावलंच नाही. तिच्यासाठी त्यांनी बाहेरची खोली राखून ठेवली होती.

४

"फळा कुणी पुसला?" भाऊजींनी सगळ्यांसमोर विचारलं.

"अगबाई, खरंच," वहिनी म्हणाल्या. "कालचं गणित होतं त्यावर."

"मी पुसला," धाकटी म्हणाली.

"का?"

ती हेडबाईंकडे बघत राहिली, मग वहिनींकडे, मग दाराकडे.

भाऊजींना असे गप्प चेहरे शेकड्यांनी पाठ होते. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि पूर्वी मुख्याध्यापकांसमोर बोलायचे त्या खणखणीत आवाजात सुरू झाले. "मी सांगतो का ते. तुम्ही सगळ्यांच्या आधी आलात. कपाट फळ्याला लागून. किल्ली कुठे असते ते ठाऊक. हात कपाटात, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मग काय करणार? दिसला डस्टर, घेतला, आणि लागलात फळा पुसायला. पेपर वाईट गेला होता ना?"

"भाऊजी, जरा दमानं," वहिनी म्हणाल्या. पण भाऊजींना दम नव्हता. किती दिवसांनी कुणी त्यांच्यासमोर थरथरत होतं.

"पिशवी उघडा."

तिने उघडली. डबा, पाण्याची बाटली, गणिताचं पुस्तक, छत्री. गठ्ठा नव्हता.

"हरकत नाही," भाऊजी म्हणाले. "मग सगळ्यांच्याच पिशव्या उघडू."

"माझी पिशवी?" हेडबाई उसळल्या. "मी उपमुख्याध्यापिका आहे!" मास्तरांनी पायाजवळची पिशवी बाकाखाली सरकवली. त्या गलक्यात धाकटी उभी राहिली.

"कुणाच्या पिशव्या उघडू नका. मीच घेतले पेपर."

"कुठे आहेत?" भाऊजींनी विचारलं. ती म्हणाली, "फाडून टाकले." "कुठे फाडले?" यावर ती नुसती उभी राहिली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलाही तिने हात वर केला नाही.

"शाळेला कळवावं लागेल," हेडबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "अशा हातांत मुलं कशी द्यायची?"

धाकटीने पिशवी उचलली आणि ती जिना उतरून गेली. भाऊजींनी चहा मागितला. त्यांना वाटलं होतं, वहिनी कौतुक करतील.

५

वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या. बाकीची मंडळी घरी गेली होती.

"मला पटत नाही," त्या म्हणाल्या. "ही पोर माझ्याकडे कधी एक खडूसुद्धा न विचारता घेत नाही."

"कबूल केलंय तिनं."

"ते ऐकलं मी. तुम्ही ज्या आवाजात विचारलंत, त्या आवाजात मीही काहीही कबूल केलं असतं."

भाऊजींना हे झोंबलं. पण मनात एक खडा त्यांनाही टोचत होता. फाडायचे तर माणूस कुठेतरी फाडतो. ज्याने केलंय त्याला जागा सांगता येते. आणि चोर जर सकाळी पुसापुशी करत असेल, तर नेमकं काय पुसत होता?

"फळ्यावर होतं तरी काय?"

"हौदाचं गणित. एक नळ तीन तासांत हौद भरतो, दुसरा सहा तासांत, आणि खालची गळती चार तासांत रिकामा करते. तिन्ही चालू असतील तर हौद किती वेळात भरेल? गळती वजा करायची असते. मी मुद्दाम ती मिळवली होती. मग उत्तर येतं एक तास वीस मिनिटं." वहिनी जरा थांबल्या. "म्हणजे, मिळवणार होते. वय झालं हो, भाऊजी. सकाळी केर काढताना सहज बघितलं तर फळ्यावर उत्तर होतं चार तास. बरोबर उत्तर. चूक पेरायची मी विसरलेच होते. लाज वाटली म्हणून कुणाला बोलले नाही."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "काल सगळे गेल्यावर तुम्ही फळ्यावर काही लिहीत होता?"

"छे. मी दार नुसतं ओढून घेऊन औषधं आणायला गेले होते. धाकटीला बसमध्ये बसवलं आणि मग दुकानात."

"ती तुमच्याबरोबर होती?"

"बस हलेपर्यंत."

भाऊजी उठून त्या काळ्या फळ्यासमोर गेले. हेडबाईंना जिन्याखाली खडूचा आवाज आला होता. त्या वेळी वहिनी औषधांच्या दुकानात, धाकटी बसमध्ये, हेडबाई जिन्याखाली. वहिनी विसरल्या नव्हत्या. त्यांची चूक कुणीतरी वर एकट्याने उभं राहून सुधारली होती. पेपर चोरायला आलेल्या माणसाला समोर चुकलेलं गणित दिसलं आणि ते तसंच सोडून जाणं त्याला जमलं नाही. असा चोर एका शिक्षकाशिवाय कोण असणार?

सकाळी धाकटीने फळा बघितला आणि त्या शेवटच्या ओळी कुणाच्या हातच्या आहेत ते ओळखलं. शाळेत असताना रोज तेच अक्षर वहीत उतरवून घेतलं होतं तिनं. कपाटात गठ्ठा नाही म्हटल्यावर तिला सगळं कळलंच असणार. पण फळा तर तिनं त्याआधीच पुसला होता. काल गेल्यावर सर इथे परत का आले असतील, एवढी शंका तिला पुरली होती.

आता भाऊजींना आठवलं, आपण बोलत होतो तेव्हा ती सगळ्यांकडे बघत होती. शेजारी बसलेल्या मास्तरांकडे तेवढं एकदाही तिनं बघितलं नव्हतं. आणि पिशव्यांचा विषय निघाल्याबरोबर ती उठली होती.

आयुष्यभर ज्या नजरेचा तोरा मिरवला तिने एका पोरीला भरल्या खोलीत चोर ठरवलं होतं, आणि खरा चोर हातभर अंतरावर बसला होता. भाऊजींना लाज वाटली. इतकी की वहिनींकडे पाठ करून ते बराच वेळ कोऱ्या फळ्याकडेच बघत राहिले.

६

त्याच संध्याकाळी मास्तरांनी आपल्या घराचं दार उघडलं आणि काही विचारलं नाही. टेबलावर गठ्ठा होता. भाऊजींनी वरचा पेपर उचलला आणि थक्क झाले. पेपर तपासलेला होता. ओळीओळीला लाल शाई, कडेला बारीक अक्षरात सूचना, शेवटी गुणांची बेरीज.

"हे काय?"

"हातात आले, मग तपासल्याशिवाय राहवलं नाही," मास्तर म्हणाले. "माझा काढून घ्यायचा आणि बाकीचे सकाळी गुपचूप कपाटात ठेवायचे असा विचार होता. मॅडमनीच आधी कपाट उघडलं."

"आणि तुमचा?"

मास्तरांनी खणातून चार कागद काढले. नाव, दिनांक, पहिल्या प्रश्नाचा आकडा. बाकी सगळं कोरं.

"तुम्हाला येत नाही असं कसं होईल?"

"येतं की. फळ्यावर येतं." मास्तर खोलीत येरझारा घालू लागले. "गणित मी कायम उभ्यानं केलं, मोठ्यानं बोलून केलं. समोर पोरं असली की एक जण चुकीचं उत्तर देतो, दुसरा अर्धवट देतो, त्यातून पुढची पायरी सापडत जाते. काल खाली बसलो. कागद समोर, सगळं चिडीचूप. डोक्यात काहीच येईना. घशाला कोरड पडली. साहेब, 'घरी सगळं येत होतं, पेपरात सुचलं नाही' असं म्हणणाऱ्या पोरांना मी जन्मभर झापलं. नाटकं करू नका म्हणायचो. धाकटीलाही म्हणालो होतो, ती शाळेत असताना, सगळ्या वर्गासमोर. आणि माझा कोरा पेपर तपासायला तिच्याच हातात जाणार होता. ते मला बघवलं नसतं."

भाऊजींनी गठ्ठ्यातला दुसरा पेपर उलटला. धाकटीचा होता. लाल शाई फारशी नव्हती. वर्गात सगळ्यात जास्त गुण तिला होते.

"हा पेपर तुमच्या पिशवीत होता," भाऊजी सावकाश म्हणाले, "आणि तिला पेपर वाईट गेला म्हणून तिनं चोरी केली, असं मी म्हणत होतो. तेव्हा तुम्ही तिथेच होता."

"होतो."

"एक शब्द बोलला नाहीत."

मास्तर खुर्चीत बसले. "दोनदा तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. ती गेल्यावर वाटलं, आता बोलून काय उपयोग. मग वाटलं, ती तरुण आहे, सावरेल. काय काय वाटून घेतलं ते सांगायचीही शरम वाटते."

भाऊजींनी त्यांना काहीही सुनावलं नाही. सुनावायचा हक्क त्यांच्याकडे उरला नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी स्वतः धाकटीच्या घरी गेल्या आणि तिला हाताला धरून घेऊन आल्या. ती दाराजवळच उभी राहिली. हेडबाई होत्या, मास्तर होते.

भाऊजींनी आदल्या दिवशी जिथे उभं राहून आरोप केला होता तिथेच उभं राहून सांगितलं, "मी चुकलो. हिनं काही घेतलं नव्हतं. बाहीवरची भुकटी बघितली आणि माणूस बघितला नाही. जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो." आवाज खणखणीत आला नाही. वाक्यं मात्र सगळी पुरी केली.

"मग पेपर कुणी..." हेडबाईंनी सुरुवात केली.

"मी," मास्तर म्हणाले. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. कोरा पेपर, फळा, पिशवी, आणि गप्प राहणं. शेवटचं सांगताना ते दोनदा अडखळले. हेडबाईंनी स्कार्फ सोडून मांडीवर घेतला होता आणि त्या त्याच्या घड्या घालत बसल्या. शाळेला कळवायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

धाकटी दोन पावलं पुढे आली. मग मास्तरांकडे बघून म्हणाली, "सर, तुम्ही पेपर घेतलेत याचं मला काही नाही. मी फळा पुसला तो माझ्या मनानं. मी घेतले म्हणाले तेही माझ्या मनानं." ती येऊन बसली आणि पिशवी शेजारच्या बाकावर ठेवली. "पण मला वाटलं होतं, आता तुम्ही उठाल. जिना उतरताना वाटलं, मागून हाक माराल. बस येईपर्यंत मी वाट बघत होते."

मास्तरांची मान खाली गेली. वहिनींनी चष्मा पुसायचं फडकं डोळ्यांना लावलं. भाऊजी दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. आपण इथून नाहीसे व्हावं असं त्यांना वाटत होतं.

"पेपर द्या तुमचा," धाकटी म्हणाली.

"कशाला?"

"माझ्याकडे तपासायला यायचा होता ना?"

मास्तरांनी चारही कागद तिच्यासमोर ठेवले. तिने पिशवीतून लाल पेन काढलं. प्रत्येक पान उलटून पाहिलं, एकही गाळलं नाही. मग पहिल्या पानावर, गुणांच्या चौकटीत, तिने शून्य लिहिलं आणि खाली सही केली. शून्य नीट गोल आलं. पेपर तिने परत त्यांच्यापुढे सरकवला.

मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. तालुक्यातल्या अर्ध्या माणसांनी ज्यांच्यासमोर मान खाली घालून पेपर घेतले होते, ते आता तसेच उभे होते. काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि खोलीतलं कुणीच त्यांना मदत करत नव्हतं.

"बाई," ते शेवटी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला या नावाने हाक मारली. "बाई, मुकाट बसून गणित कसं करायचं, मला शिकवाल का?"

तिने शेजारच्या बाकावरची आपली पिशवी उचलून खाली ठेवली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.